बोटभर खिडकी

बहरीनला थंडी पडते, हे अकोल्यात पटवून देण्याचा नाद मी आता सोडला आहे. सुट्टीत गेलो की कुणीतरी विचारतंच, "काय हो, तिकडं वाळवंटात स्वेटर कशाला लागते?" मी नुसता हसतो. ज्या माणसाने मे महिन्यातलं अकोला काढलंय त्याला उन्हाबद्दल कुणी शिकवू नये, आणि ज्याने जानेवारीतला शमाल अंगावर घेतलेला नाही त्याला थंडीबद्दल शिकवण्यात अर्थ नाही. शमाल म्हणजे उत्तरेकडून येणारा वारा. समुद्रावरून ओल घेतो, वाळवंटातून रेती घेतो आणि दोन्ही तुमच्या घरात आणून टाकतो. थर्मामीटर पाहिला तर आकडा अगदी साधा दिसतो. पण फरशी, भिंत, नळाचं पाणी, बाथरूमची कडी, सगळं गारठलेलं असतं. इथली घरं उन्हाशी भांडायला बांधलेली आहेत, थंडीचा विचारच कुणी केलेला नाही.

गेल्या आठवड्यात तो पुन्हा सुटला. मोबाइलवर हवामानाचा इशारा आला: समुद्रात जाऊ नका, गाडी सावकाश चालवा, समोरचं दिसत नसेल तर थांबा. कारखान्यात सकाळच्या सेफ्टीच्या बोलण्यात हेच सगळं मी माझ्या हाताखालच्या पोरांना हिंदीत सांगतो. अस्करच्या ॲल्युमिनियम कारखान्यात मी एका कंत्राटदाराकडे मेंटेनन्सचा टेक्निशियन आहे. आमच्याकडे थंडीची गंमत वेगळीच. आत भट्ट्यांच्या रांगेत घाम निथळत असतो, आणि चहाला दार उघडून बाहेर आलात की वारा ओल्या पाठीवर फटका मारतो. नवीन पोरं पहिल्याच आठवड्यात खोकायला लागतात. मी सांगतो, आधी अंग पुसा, मग जॅकेट, मग चहा. ऐकत कुणी नाही.

रस्त्याचंही तेच. इथे पाऊस वर्षातून चार-सहा वेळा पडणार, त्यामुळे टायरखाली पाणी आलं की काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. महिनोन्‌महिने रस्त्यावर गळलेलं तेल पहिल्या सरीत वर येतं आणि गाड्या बर्फावर असल्यासारख्या सरकतात. धुकं पडलं की प्रत्येक जण मोठे दिवे लावतो आणि समोरच्याला आंधळा करतो. मग तासभर सगळे सज्जनासारखे हळू चालवतात, धुकं विरलं की पुन्हा यल्ला, म्हणजे चला, पळा.

पण रस्त्यावरची थंडी निदान दिसते. वारा दिसतो, रेती दिसते, धुकं दिसतं. मला भीती वाटते ती घरातल्या थंडीची. त्याला कारण नऊ वर्षांपूर्वीचा एक जानेवारी महिना आहे.

माझी मुलगी मैत्री तेव्हा तीन आठवड्यांची होती. प्रज्ञाची, म्हणजे माझ्या बायकोची आई तिच्या लहानपणीच गेलेली. त्यामुळे बाळंतपणाला माझी आई आली, व्हिजिट व्हिसावर, आयुष्यातल्या पहिल्या विमानप्रवासाने. सुनेचं करायला आलेली नव्हती ती, लेकीचं करायला आलेली होती, आणि हे तिने मुहर्रकच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या प्रज्ञाला सांगून टाकलं. आई अंगणवाडी सेविका होती, नुकतीच निवृत्त झालेली. तीस वर्षं तिने बायकांना एक गोष्ट घोकवली होती, की जन्मलेल्या लेकराला थंडी लागू देऊ नका. त्या एका गोष्टीने गावातली किती मुलं जगली असतील हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण तिच्या चालण्यात ते दिसायचं.

आल्यावर तिने आमच्या घराची तपासणी केली. मुहर्रकच्या जुन्या भागातली तीन मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिरका होता तो आधी सरळ केला. मग बेडरूममध्ये गेली आणि भिंतीतल्या एसीभोवती हात फिरवून म्हणाली, "अरे बाप्पा, अठून तं वारा येऊन राह्यला." खिडकी सरकती, ॲल्युमिनियमची, तिच्या खाचेतूनही वारा शीळ घालत होता. हीटर होता आमच्याकडे, पण हीटर आणि गिझर एकदम लावले की अख्ख्या घराची वीज जायची. शिवाय आईच्या मते हीटरची हवा बाळंतिणीला बाधते. मग आम्ही दोघांनी मिळून, आणि हे मला विसरता येत नाही की दोघांनी मिळून, एसीभोवती चिंध्या कोंबल्या, खिडकीला चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टी मारली आणि दाराच्या फटीला टॉवेलची वळकटी लावली. काम इतकं चोख झालं की आई मला म्हणाली, "शिकल्यासवरल्याचा उपयोग झाला."

शेगडी मी आणली. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत लोखंडी शेगड्या मिळतात, इथले लोक थंडीत वाळवंटात तंबू ठोकतात तेव्हा नेतात. कोळसा कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून. इथे किराण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात, आणि शेकायचा कोळसा कोल्ड स्टोअरमध्ये मिळतो यावर आई दोन दिवस हसत होती.

तिची पद्धत मोठी शिस्तीची. कोळसे गॅलरीत पेटवायची. पूर्ण लाल होईपर्यंत, धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत वाऱ्यात उभी राहायची, डोक्याला मफलर बांधून. मग निखाऱ्यांवर थोडी राख घालून शेगडी आत आणायची आणि बेडजवळ फरशीवर ठेवायची. "धूर सगळा बाहेर घालवूनच आत आणतो आपण, लेकराच्या डोळ्याले तरास नको." अंघोळ, शेक, ओव्याची धुरी, मग माय-लेकीची झोप आणि दार बंद. अकोल्यात तिने शेकडो घरांतून हेच केलेलं होतं. फक्त त्या घरांवर कौलं होती, नाहीतर टिनाचं छप्पर होतं, भिंत आणि छपराच्या मध्ये हात जाईल एवढी जागा होती. तिथे वारा बुजवायला गेलात तरी बुजत नाही. आमचं घर आम्ही बुजवून दाखवलं होतं.

पहिले काही दिवस शेगडी तासाभराने बाहेर जायची. मग शमाल वाढला तशी शेगडी आतच राहू लागली. वारा तीन दिवस सलग वाहिला. विमानं वरून घरंगळत उतरल्यासारखी वाटायची. तिसऱ्या दिवशी मी सकाळच्या पाळीला होतो. दुपारी सुटायच्या वेळेला रस्त्यावर रेती वाहायला लागली होती, आणि आमचा बस ड्रायव्हर अंधार व्हायच्या आत सित्राचा पूल ओलांडायचा म्हणून हॉर्नवरून हात काढेना. "यल्ला, यल्ला, कल गाडी में ही नहाना!" मी अंघोळ, कपडे बदलणं सगळं सोडून कामाच्या कव्हरऑलवरच धावलो. बस पुलावर आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॉलरजवळचा गॅस मॉनिटर मी परत केलेलाच नाही.

हा मॉनिटर काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पिवळा डबा असतो. आमच्याकडे काही जागी विषारी वायू साचू शकतो. डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, म्हणून तो डबा कॉलरला लावून फिरायचं. पाळी संपली की स्टोअरमध्ये चार्जिंगला लावून सही करायची. बाहेर नेणं म्हणजे वॉर्निंग लेटर. तीन आठवड्यांपूर्वी बाप झालेल्या माणसाला वॉर्निंग लेटर म्हणजे काय वाटतं ते विचारू नका. पूल, मनामा, पुन्हा पूल, मुहर्रक, सगळा रस्ता मी उद्या फोरमनला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो.

घरात शिरलो तर आई हॉलमध्ये कपाळाला बाम लावून बसलेली.

"डोकं दुखून राह्यलं सकाळपासून. वाऱ्यानं असन," ती म्हणाली. "प्रज्ञालेही मळमळून राह्यलं. जेवली नाई. झोपली हाय."

"आणि पिल्लू?"

"लई गुणाचं लेकरू. आज रडलंच नाई."

मी बेडरूमचं दार हलकेच उघडलं. आत छान ऊबदार होतं. शेगडी बेडच्या पायथ्याशी, राखेखाली निखारे मंद लाल. धुराचा मागमूस नाही. मी बाळाकडे वाकलो आणि माझ्या कॉलरजवळ मॉनिटर कोकलायला लागला.

पहिला विचार मनात आला तो बॅटरीचा. हे मी लाजत लिहितो आहे. दर आठवड्याला वीस माणसांना जे शिकवतो ते माझ्या घरात मला सुचलं नाही.

"अरे बंद कर नं ते," मागून आई म्हणाली. "लेकरू उठन."

मी बंद करायला बटण शोधलं आणि आकडा दिसला. तो आकडा कारखान्यात दिसला तर आम्ही हातातला पाना टाकून पळतो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी काहीतरी ओरडलो. खिडकीकडे धावलो, तर खिडकी उघडेना, कारण चिकटपट्टी मीच मारलेली. नखांनी ओरबाडली, निघेना. मग बाळाला उचललं आणि जिन्याकडे पळालो. प्रज्ञा उठून बसली पण तिचे पाय तिला धरेनात. आईने तिला काखेत धरून फरफटत दाराबाहेर आणलं. कुठून आणली ताकद कोण जाणे. खालच्या मजल्यावरची उम्म यूसुफ आरडाओरडा ऐकून बाहेर आली. वयस्कर बाई, तिच्याशी आमचं सलामापलीकडे बोलणं नव्हतं. तिने माझ्या हातातलं बाळ पाहिलं, माझ्या पाठीमागून कशाबशा उतरणाऱ्या दोघींना पाहिलं आणि एकच शब्द विचारला, "फहम?"

फहम म्हणजे कोळसा. मी मान हलवली. तिने स्वतःच्या अंगावरचा जाड लोकरीचा फर्वा काढला, बाळाला त्यात गुंडाळलं आणि रस्त्यावर, उघड्या वाऱ्यात घेऊन उभी राहिली. मुलाला हाक मारून अँब्युलन्स बोलवायला लावली. तीन आठवड्यांचं लेकरू शमालमध्ये, आणि तिथेच, त्या थंडीत, मैत्री रडली. असं रडणं मी पुन्हा कधी ऐकलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला, आणि मी फुटपाथवर बसून लहान मुलासारखा रडलो.

हॉस्पिटलमध्ये तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते आणि आई मास्कमधून माझ्याकडे बघत होती.

"मले सांग, काय म्हणे डॉक्टर?"

"खोलीत हवा कमी होती म्हणे."

एवढंच सांगितलं. कोळसा, शेगडी हे शब्द मी गाळले. पण जिने आयुष्यभर माझा चेहरा वाचला तिच्यापासून काय लपणार? दोन दिवसांनी सगळे घरी आलो. शेगडी गॅलरीत पालथी घातलेली होती. आईने बाळाला हात लावायचं सोडलं. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, प्रज्ञाला डिंकाचे लाडू वळून द्यायची, पण बाळ रडलं की दाराच्या चौकटीपर्यंत येऊन थांबायची.

"मी नाई लावत लेकराले हात," तिने मला सांगितलं. "माह्यं तिकीट अलीकडं करून घे."

मी तिची समजूत घालायला गेलो आणि नेहमीप्रमाणे सगळं बिघडवून ठेवलं. मॉनिटर, धूर नसतानाही निखाऱ्यांतून सुटणारा वायू, त्याचं प्रमाण, काय काय सांगत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाने खिडकीची राहिलेली चिकटपट्टी सोलून काढली, तेलाची वाटी आईसमोर ठेवली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवून दिलं. "आई, मालिश तुमच्याशिवाय कोण करणार? खिडकी उघडी ठेवू या. किती ठेवू सांगा."

आई बाळाला एका हाताने छातीशी धरून उठली, खिडकीपाशी गेली आणि फटीत स्वतःचं बोट आडवं धरलं. प्रज्ञाने काच त्या बोटाला टेकेपर्यंत सरकवली.

"बोटभर," आई म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात थंडीचं माप बोटभर आहे.

वॉर्निंग लेटर मला मिळालं, रीतसर. कंपनीचं उपकरण विनापरवाना बाहेर नेल्याबद्दल. ते मी मैत्रीच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवलं आहे. गावी मात्र यातलं काही कळलं नाही. बाळाला सर्दी झाली होती, एवढंच सांगितलं. अंगणवाडीच्या बाईने हे करावं, असं कुणी म्हटलेलं आईला सोसलं नसतं. तिने जाताना माझ्याकडून वचन घेतलं, की घरातली गोष्ट घरातच राहील. मी दिलं, आणि नऊ वर्षं पाळलं.

गेल्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी दूध घेऊन जिना चढत होतो. वरच्या मजल्यावर केतकी राहते, पुण्याची, नवरा बँकेत. तिला पाच आठवड्यांचा मुलगा आहे आणि तिची आई आलेली आहे. त्या काकू माझ्या पुढे दोन पायऱ्या होत्या आणि त्यांच्या हातात कोल्ड स्टोअरची पिशवी होती. पिशवीतून काळी पूड गळत होती.

"काकू, कोळसा?"

"हो ना, काय हा वारा! आज अकरा वाजता अंघोळ झाली की शेक देते. कालच शेगडी आणली जावयांनी."

"काकू, बंद खोलीत कोळशाचा वायू होतो..."

त्या हसल्या. "धूर सगळा बाहेर घालवूनच आत नेते हो मी. तुम्हा पुरुषांना काय कळतंय त्यातलं."

तेच वाक्य, जवळजवळ जसंच्या तसं. घरात येऊन प्रज्ञाला सांगितलं. ती म्हणाली, "वायू सांगून नाही ऐकायच्या त्या. आपलं झालेलं सांग."

"आईला शब्द दिलाय."

"मग आईंना विचार. पावणेअकरा होतायत."

मी फोन लावला. व्हिडिओवर आई अंगणात उन्हाला बसलेली दिसली. मी वरच्या मजल्यावरची गोष्ट सांगितली आणि थांबलो. पुढचं विचारवेना. आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं हे मला आजही माहीत नाही.

"फोन घेऊन वर जाय," ती म्हणाली. "काऊन बसून राह्यला?"

मी जिन्याकडे निघालो. मैत्री माझ्यामागे आली, आजी फोनवर असली की ती येतेच. काकूंनी दार उघडलं. गॅलरीत शेगडी पेटलेली दिसत होती. मी काही न बोलता फोन त्यांच्यासमोर धरला.

"नमस्कार ताई," आई म्हणाली. "मी याची आई. तीस वर्सं अंगणवाडीत होती मी. लेकराले ऊब पायजे हे मीच बायांले सांगे. तुमच्यासारखाच धूर बाहेर घालवला अन् शेगडी आत नेली. धूर नाई म्हणून मी बिनघोर होती. खोली बंद होती, ताई. लेकरू रडत नव्हतं तं मले वाटे, गुणाचं हाय. माह्या हातानं माही नात जात होती. सून जात होती. हे मी कोणाले सांगितलं नाई. तुमाले सांगून राह्यली."

काकूंनी गॅलरीतल्या शेगडीकडे मान वळवली. त्या म्हणाल्या, "मग शेक कसा द्यायचा हो ताई?"

आणि आईचा आवाज मला तीस वर्षांपूर्वीचा ऐकू आला, अंगणवाडीतल्या सतरंजीवर बसलेल्या बायकांपुढचा. दुपट्याला इस्त्री फिरवा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळा. लेकरू छातीशी उघडं धरा आणि वरून चादर घ्या, आईच्या अंगासारखी शेगडी नाही. खिडकी बोटभर. काकू मान हलवत ऐकत होत्या. मग आत गेल्या आणि गॅलरीत शेगडीवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला.

जिना उतरताना मैत्रीने माझी बाही धरली. ती शाळेतून इंग्रजीच घेऊन येते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "पपा, दॅट बेबी... वॉज इट मी?"

"हो."

मला वाटलं ती घाबरली. घरात आल्यावर ती सरळ बेडरूममध्ये गेली. फोन अजून चालूच होता, आईने ठेवला नव्हता. दर थंडीत आई जे विचारते तेच तिने आताही विचारलं. "तुमची खिडकी उघडी हाय ना रे?"

मी उत्तर द्यायच्या आत मैत्रीने माझ्या हातातून फोन घेतला. खिडकीपाशी उभी राहून तिने फोनचा कॅमेरा फटीकडे वळवला, फटीत स्वतःचा हात आडवा धरला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"उघडी आहे, आजी. माझं बोट बारीक आहे ना, म्हणून मी दोन ठेवली."